मुलांचे इंग्रजी, हातातील यंत्र आणि घरची भाषा

इंग्लंडच्या नैऋत्येस विल्टशायर नावाचा परगणा आहे. त्या परगण्यातील बुश्टन या खेड्यात सुमारे १५४९ साली टॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. १५७९ साली ते जहाजाने गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ साष्टीतच राहिले. येशूसंघाचे हे इंग्रज धर्मगुरू तेथे कोंकणी शिकले, मराठी शिकले. आणि तेही कामापुरते नव्हे. १६१६ साली राचोल येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाच्या जागी जाऊन बसले. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मागे, १६४० साली, छापून निघाले.

काळाचा फेरा पाहा. त्याच विल्टशायरमध्ये, बुश्टनपासून फारशा दूर नसलेल्या स्विंडन शहरात, आज गोव्याहून गेलेली पुष्कळ कॅथलिक कुटुंबे राहत आहेत. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांस व त्यांच्या मुला-नातवंडांस पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येते. आणि ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या नागरिकत्वाच्या बळावर तेथे जाऊन कामधंदा करता येत असे. २०२० साली ब्रिटन त्या संघातून बाहेर पडले व ती वाट अखेर बंद झाली. परंतु जी कुटुंबे आधीच स्थिरावली होती, ती तेथेच राहिली आणि त्यांची मुले तेथील शाळांत शिकू लागली. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी विल्टशायरचा एक मनुष्य साष्टीत आमची भाषा शिकत होता. आज साष्टीची मुले विल्टशायरमध्ये त्याची भाषा शिकत आहेत.

फादर स्टीफन्स यांच्यापाशी साधने तरी काय होती? दोन कान, कागद, लेखणी आणि भोवतालची बोलणारी माणसे. आजच्या मुलाच्या हाती फोन आहे, टॅब आहे; शब्द उच्चारून दाखविणारे, वाक्य भाषांतरित करून देणारे, चुकल्यास पुन्हा म्हणावयास लावणारे यंत्र आहे. हे यंत्र इंग्रजी शिकावयास खरोखर किती उपयोगी पडते, कोठे फसविते, आणि ज्या घरी आईबापांस इंग्रजी येत नाही तेथे त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार आज आपण करू.

हा प्रश्न परदेशी गेलेल्यांपुरता नाही

बेळगाव-खानापूरकडील मुलाच्या घरी मराठी वा कोंकणी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी, असा तीन भाषांचा संसार असतो. बडोद्याच्या मराठी घरातील मुलास गुजराती हवी, हैदराबादेतील मुलास तेलुगू हवी. आणि इंग्रजी तर सर्वांसच हवी. अशा वेळी खेड्यापाड्यांतील कितीतरी घरांतून एक गोष्ट हळूच घडत असते. मूल इंग्रजी शाळेत जाऊ लागले की आई मनात म्हणते, "माझ्या मराठीमुळे याचे इंग्रजी बिघडेल." मग ती त्याच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन शब्द बोलते, आणि त्यापलीकडचे सारे बोलणे गिळून टाकते. संध्याकाळी मुलाच्या हाती फोन दिला जातो. फोन इंग्रजी बोलतो, आई गप्प बसते. आजीच्या गोष्टी थांबतात. शेतात आज काय झाले, मामाच्या घरी कोण आले, म्हैस दूध का देईना, या साऱ्या गोष्टी मुलाच्या कानी पडेनाशा होतात.

ही आई जे करते ते मुलाच्या भल्यासाठीच करते, यात संशय नाही. परंतु तिची समजूत चुकीची आहे, आणि या चुकीची किंमत मूल मोजते. ती चूक कशी, हे समजून घ्यावयाचे तर इंग्लंडमधील शाळांचा अनुभव थोडा पाहिला पाहिजे.

जोडभाषा म्हणजे काय

इंग्लंडमधील शिक्षकांनी अशा मुलांच्या इंग्रजीला एक मोठे समर्पक नाव दिले आहे. 'जोडभाषा म्हणून इंग्रजी', असा त्याचा अर्थ. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीहून वेगळी भाषा कानावर पडते, ते मूल या सदरात मोडते. २०२४ सालच्या सरकारी मोजणीप्रमाणे इंग्लंडच्या शाळांत दर पाच मुलांमागे एक मूल असे होते. पंजाबी, उर्दू, बंगाली, पोलिश, अरबी, रुमानियन, गुजराती अशा कितीतरी भाषा या मुलांच्या घरांतून बोलल्या जातात.

या नावातील 'जोड' हा शब्द महत्त्वाचा आहे. घरची भाषा काढून तिच्या जागी इंग्रजी बसवावयाची, असा त्याचा अर्थ होत नाही. घरात एक खोली आहे, तिला लागून दुसरी बांधावयाची. पहिल्या खोलीची भिंत पाडून त्याच विटांनी दुसरी बांधू पाहणारा शेवटी उघड्यावर पडतो.

कॅनडातील टोरांटो येथील विद्वान जिम कमिन्स यांनी १९७९ साली या विषयात एक मोठा उलगडा केला. त्यांचे म्हणणे असे की, मुलाला दोन प्रकारचे इंग्रजी शिकावे लागते. पहिले खेळाच्या मैदानावरचे, हसण्या-भांडण्याचे इंग्रजी. ते दोनएक वर्षांत येते. दुसरे पुस्तकातील, विचार करण्याचे, कारण आणि परिणाम सांगण्याचे इंग्रजी. त्यात बरोबरीच्या मुलांना गाठावयास पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून मूल फडाफडा इंग्रजी बोलू लागले एवढ्यावरून त्याला इंग्रजी आले असे समजू नये. तसेच वर्गात मूल मागे दिसले म्हणून त्याला बुद्धी नाही असेही समजू नये. त्याची बुद्धी बहुधा घरच्या भाषेत जागी असते. इंग्रजी शब्द तिच्यापर्यंत अद्याप पोहोचलेले नसतात, एवढेच.

कमिन्स यांनी पुढे असेही दाखविले की, एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. आपले रोजचे उदाहरण घ्या. ओले धुणे दोरीवर टाकले की का वाळते, पाणी जाते कोठे, हे ज्या मुलाला आईने मराठीत समजावून दिले आहे, त्याला शाळेत 'इव्हॅपरेशन' हा एकच नवा शब्द शिकावयाचा असतो. ज्याला ते कोणीच सांगितले नाही, त्याला शब्दही नवा आणि कल्पनाही नवी. पहिल्याचे ओझे अर्धे, दुसऱ्याचे दुप्पट. ऑक्सफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह स्ट्रँड व अ‍ॅनिना हेसेल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर असे दिसून आले की, जोडभाषा म्हणून इंग्रजी शिकणारी मुले इंग्रजीत चांगली तरबेज झाली की परीक्षेत एकभाषी इंग्रज मुलांच्या सरासरीहूनही पुढे जातात. दोन भाषांनी त्यांचे नुकसान केले नाही.

यंत्रे काय करतात

आता यंत्रांकडे वळू. इंग्लंडमधील शाळांत जी यंत्रसामग्री वापरात आली, तिच्यातील चांगली साधने मुलाच्या घरच्या भाषेला सोबत घेऊन चालतात, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

लंडनच्या मंत्र लिंग्वा या प्रकाशनसंस्थेने दोन भाषांत छापलेली गोष्टींची पुस्तके आणि त्यांच्यासाठी एक बोलकी लेखणी काढली. लेखणीचे टोक पानावर टेकविले की ती ते पान वाचून दाखविते. आधी मुलाच्या भाषेत, मग इंग्रजीत. कोऱ्या चिठ्ठीवर आपला आवाजही भरून ठेवता येतो. ज्या आईला इंग्रजी अक्षर ओळखत नाही, तीदेखील आपल्या आवाजात गोष्ट सांगून ती पुस्तकावर चिकटवू शकते. ते मूल वर्गात आईचा आवाज घेऊन जाते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'इमर्सिव्ह रीडर' नावाचे साधन पडद्यावरील इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचते. वाचीत असता तो तो शब्द उजळून दाखविते, लांब शब्द तोडून दाखविते, आणि अडलेल्या शब्दाचे चित्र किंवा भाषांतर पुढे करते. इंग्रजीत लिहिणे एक व बोलणे दुसरे, ही आमच्या मुलांची जुनी अडचण. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचले जाते. इंग्रजीत 'नाइफ' या शब्दाच्या आरंभी असलेले अक्षर तोंडातून निघतच नाही. डोळ्यांपुढे शब्द व कानात त्याचा उच्चार, ही जोडी जुळली म्हणजे ही गाठ सुटू लागते.

हेच तत्त्व आपल्या देशात ब्रिज कोठारी यांनी वेगळ्या रीतीने वापरले. गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द दूरदर्शनच्या पडद्यावर खाली दाखवावेत, ही कल्पना त्यांना १९९६ साली सुचली. पुढे गुजराती आणि हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत ती अमलात आली. पाहणाऱ्याचे डोळे आपोआप शब्दांमागे धावतात व वाचनाचा सराव होतो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाने इंग्रजी गोष्ट पडद्यावर पाहताना खाली इंग्रजीच अक्षरे लावून घ्यावीत. त्याला खर्च काही नाही आणि लाभ पुष्कळ.

गूगलचे भाषांतराचे साधन २००६ साली निघाले. त्यात मराठी २०१३ साली आणि कोंकणी २०२२ साली आली. फोनचा कॅमेरा पुस्तकाच्या पानावर धरला की मराठी मजकूर दिसतो. मराठीत बोलले की इंग्रजी ऐकू येते. परदेशी गेलेल्या कुटुंबांस याचा एक मोठाच उपयोग झाला. शाळेचे पत्र, दवाखान्यातील प्रश्न, घरमालकाची नोटीस या सर्वांचा अर्थ सांगावयास पूर्वी आठ-दहा वर्षांच्या मुलालाच पुढे करावे लागे. मोठ्यांचा दुभाष्या झालेले मूल नको त्या चिंता लहान वयात ऐकते आणि आईबापांस अडाणी समजू लागते. पत्राचा अर्थ फोनने सांगितला तर तेवढे ओझे मुलाच्या खांद्यावरून उतरते आणि आईबापांचा मानही राहतो. दुखण्याखुपण्याच्या किंवा कायद्याच्या गोष्टीत मात्र यंत्रावर न विसंबता जाणत्या दुभाष्याची मागणी करावी.

यंत्र कोठे फसविते

यंत्र शब्द जाणते, प्रसंग नेहमीच जाणते असे नाही. इंग्रजीत 'प्रॉडक्ट' म्हणजे कारखान्यातील उत्पादन आणि गणितात गुणाकार. 'व्हॉल्यूम' म्हणजे रेडिओचा आवाज, ग्रंथाचा खंड आणि विज्ञानात घनफळ. 'टेबल' म्हणजे मेज आणि पाढाही. एकटा शब्द यंत्रापुढे टाकला तर ते यांतील कोणता अर्थ उचलील याचा भरवसा नाही. म्हणून शब्द न देता पूर्ण वाक्य द्यावे, आणि आलेले मराठी वाक्य घरातील मोठ्या माणसाने ऐकून 'हे पटते का?' असे विचारावे. पुष्कळदा इंग्रजी मुळीच न येणारी आजीच म्हणेल, "असे कोणी बोलते का रे?" तेथे चूक सापडली.

लिपीचीही अडचण आहे. कोंकणी भाषांतर यंत्र देवनागरीत देते, तर गोव्यातील पुष्कळ कॅथलिक घरांत कोंकणी रोमन लिपीत वाचली जाते. अशा घरी वाचण्यापेक्षा बोलून व ऐकून काम चालवावे लागते. अलीकडे, २०२२ सालच्या अखेरीपासून, प्रश्नांस उत्तरे देणारी व निबंधच्या निबंध लिहून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आली. ती चुकीची गोष्टसुद्धा मोठ्या ठामपणाने सांगतात. शिवाय यंत्राने लिहिलेला निबंध वहीत उतरविणारे मूल हस्ताक्षर शिकेल. इंग्रजी शिकणार नाही.

केवळ यंत्र हाती दिल्याने विद्या येत नाही, याचा दाखला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने दिला आहे. तेथील सरकारने प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या योजनेखाली लक्षावधी यंत्रे वाटली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, यंत्रे मिळालेल्या शाळांतील मुलांची भाषेत वा गणितात प्रगती झाल्याचे आढळून आले नाही. युनेस्कोने २०२३ साली काढलेल्या आपल्या शिक्षणविषयक अहवालात हाच इशारा दिला आहे: यंत्र शिक्षकाच्या आणि माणसांच्या संगतीला पूरक असावे, त्यांची जागा घेणारे नसावे.

आपल्या घरी काय करावे

आता त्या गप्प बसलेल्या आईकडे परत जाऊ. तिने काय करावे?

पहिली गोष्ट, तिने बोलावे. आपल्या भाषेत, पोटभर बोलावे. मुलाला गोष्टी सांगाव्यात, प्रश्न विचारावेत, 'का?' आणि 'कसे?' असे खोदून विचारावे. हे तिचे काम कोणतेही यंत्र करू शकत नाही. भारत सरकारच्या २०२० सालच्या शिक्षणविषयक धोरणातही, शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत व्हावे, असेच म्हटले आहे. मूल इंग्रजी शाळेत घातले असले तरी घर तर आपल्याच हाती आहे.

दुसरी गोष्ट, धडा उलट्या वाटेने घ्यावा. उद्या शाळेत इंग्रजीतून जो धडा व्हावयाचा, त्याचा विषय आदल्या संध्याकाळी मराठीत बोलून घ्यावा. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन छापलेले असतात. त्यांच्यावर फोन धरला की २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यवस्थेतील त्या धड्याचे साहित्य उघडते. ते आईने मुलासोबत पाहावे व थांबवून विचारावे, "हे काय चालले आहे, मला मराठीत सांग." मुलाला मराठीत सांगता आले तर धडा समजला. सांगता आले नाही तर इंग्रजी पाठ होऊनही तो समजलेला नाही.

तिसरी गोष्ट, मोठ्याने वाचन. भारतात २०१९ साली गूगलने 'बोलो' नावाचे वाचनाचे साधन काढले. पुढच्या वर्षी त्याचेच नाव 'रीड अलाँग' झाले. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, आणि अडलेला शब्द उच्चारून दाखविते. त्यात मराठी गोष्टी होत्या, इंग्रजीही होत्या. आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचून चालत. अशा साधनावर आधी मराठी गोष्ट व मग इंग्रजी, हा क्रम ठेवावा. मराठीत सहज वाचणाऱ्या मुलाला वाचणे म्हणजे काय हे ठाऊक झालेले असते; पुढे केवळ अक्षरे नवी.

चौथी गोष्ट, फोनवर स्वतःचा आवाज भरणे. मुलाने इंग्रजीतील चार ओळी म्हणाव्यात, ऐकाव्यात, पुन्हा म्हणाव्यात. आम्हां मराठी बोलणाऱ्यांच्या काही ठराविक चुका आहेत. आम्ही 'शिप' आणि 'शीप' यांतील ऱ्हस्वदीर्घ बोलण्यात सारखेच करून टाकतो, म्हणून जहाजाची मेंढी होते. क्रियापद आम्ही वाक्याच्या शेवटी ठेवतो, इंग्रजी ते मध्ये ठेवते. आम्ही 'टेबलावर' म्हणतो, ते 'वर टेबल' अशा क्रमाने म्हणतात. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही नामापुढची चिमुकली अक्षरे आमच्याकडे मुळीच नाहीत. मुलाला या गोष्टी दोषासारख्या न दाखविता दोन भाषांची गंमत म्हणून दाखविल्या तर त्याचे कान तयार होतात.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, फोनची जागा. फोन ओटीवर, सर्वांच्या देखत असावा, अंथरुणात नसावा. अर्धा तास ठरवावा व अर्ध्या तासाने तो उचलून ठेवावा. मुलाचे नाव, छायाचित्र वा शाळेचा पत्ता कोणत्याही साधनात भरू नये. आणि शक्य तोवर मूल फोनपाशी एकटे नसावे. शेजारी बसणाऱ्याला इंग्रजी आले पाहिजे असे मुळीच नाही. "पुन्हा सांग, मला कळले नाही" एवढे म्हणता आले की पुरे. समजावून सांगताना मूल जेवढे शिकते तेवढे ऐकताना शिकत नाही.

फादर स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला एक पत्र लिहिले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असे त्यांनी त्यात नोंदविले. युरोपातील विद्वानांत या साम्याची मोठी चर्चा सुरू झाली ती त्यानंतर दोनशे वर्षांनी, विल्यम जोन्स यांच्या १७८६ सालच्या व्याख्यानानंतर. स्टीफन्स यांना ते साम्य दिसले, कारण नवी भाषा शिकताना त्यांनी जुन्या भाषा टाकून दिल्या नव्हत्या. एकीच्या उजेडात ते दुसरी पाहत होते.

आपल्या मुलांपाशीही असाच एक उजेड आहे. तो फोनच्या पडद्यावरचा नव्हे. तो चुलीपाशी, अंगणात, शेताच्या बांधावर त्यांच्याशी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा आहे. तो विझू न देता त्याला फोनची जोड दिली, तर खेड्यातील मूल इंग्रजीतही पुढे जाईल आणि घरी परतल्यावर आजीशी बोलावयास त्याच्यापाशी शब्दही उरतील. आज संध्याकाळी मुलाचे पुस्तक उघडा, त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "आज काय शिकलास? मला आपल्या भाषेत सांग."